मास्तरांनी बेतलेली फिल्म

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. जागा पुष्कळ आहे आणि गोष्ट काही फार लांबलचक नाही. फक्त हसताना आवाज बेताने. ज्या शिंप्याची ही कथा आहे तो दोन घरे सोडून राहतो, आणि त्याचे कान त्याच्या कात्रीइतकेच तिखट आहेत. सगळे त्याला मास्तर म्हणतात, आपणही मास्तरच म्हणू.

तर एका बुधवारी मास्तर दुकानात कोटाला अस्तर लावत बसले होते, तोच त्यांची थोरली बहीण येऊन समोरच्या स्टुलावर बसली. ताई रविवारी सकाळच्या विमानाने लेकीकडे जायची होती, कायमची. भाऊजींना जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि एवढ्या घरात एकटीने किती दिवस भिंतींशी बोलायचे?

"जाताना मला काही देऊ नकोस," ताई म्हणाली. "ओझंच होतं. आमच्या त्या व्हिडिओच्या कॅसेटी आहेत ना, त्यातून तासाभराची एक फिल्म करून दे. फक्त त्यात हे असले पाहिजेत."

"म्हणजे काय! भाऊजींशिवाय फिल्म होते का?"

"होते की. सगळ्या तशाच झाल्यात," ताई म्हणाली, आणि उठून गेली.

ती बोलली ते खोटे नव्हते. भाऊजींना व्हिडिओ कॅमेऱ्याचा विलक्षण सोस. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचे. तीस वर्षे त्यांनी साऱ्या गोतावळ्याला टिपले, त्यांना टिपायला मात्र कोणी उरलेच नाही. मास्तरांच्या जावयाने त्या कॅसेटी मागेच संगणकात भरून ठेवल्या होत्या. मास्तरांनी त्या संध्याकाळी सगळे एक्केचाळीस तुकडे भराभर पुढे पळवत पाहिले. भाऊजी तीन ठिकाणी सापडले: एकदा पाठमोरे, एकदा अर्धे आणि एकदा शिंकताना.

ताईला फोनवर तसे कळवताना मास्तर अस्वस्थ झाले. आई गेल्यावर ह्याच बहिणीने त्यांना वाढवले, सुईत पहिला दोरा ओवायला शिकवले. उभ्या जन्मात तिने भावाकडे हे पहिलेच काही मागितले होते, आणि हातात होते तीन दिवस.

गुरुवारी सकाळी जावई हजर झाला. तो एका कचेरीत संगणक दुरुस्त करायचा, त्यामुळे घरात त्याचा शब्द शेवटचा.

"बाबा, हे सॉफ्टवेअर घ्या. मोठमोठे लोक हेच वापरतात."

पडदा उघडला आणि मास्तर खुर्चीत मागे सरकले. "एवढी बटणं? अहो, मी बँडवाल्यांच्या डगल्यांनासुद्धा एवढी बटणं लावली नाहीत."

पाचच मिनिटांत पडद्यावर ताई हिरवीगार झाली, आणि पाठोपाठ उलटी टांगली गेली.

"काय दाबलंत?"

"दाबलं काहीच नाही. मी नुसता बघत होतो."

"मग हे दुसरं बघा. फुकट आहे."

फुकटचे सॉफ्टवेअर सोपे होते खरे. पण प्रत्येक चित्रावर ते आपले नाव आडवे लिहून ठेवायचे, आणि ते बरोबर ताईच्या नाकावरून जायचे.

"हे म्हणजे कोट शिवून गिऱ्हाइकाच्या पाठीवर माझ्या दुकानाची पाटी रंगवण्यासारखं झालं," मास्तर म्हणाले. "पुढचं दाखवा."

पुढचे मोबाइलवरचे होते. "ह्यात तुम्ही काहीच करायचं नाही. ते आपलं आपणच सगळं करतं," जावई म्हणाला. आणि त्याने केलेही. अर्ध्या मिनिटात ढोलकुटीचे संगीत, चारी बाजूंनी उडणारी बदामे आणि मधोमध ताईचे सासरे, डोक्यावर मांजरीचे दोन कान.

मास्तरांची बायको चहा घेऊन आली होती, ती तिथेच थबकली. "राहू दे की हो. जन्मात पहिल्यांदा प्रेमळ दिसतायत."

"चेष्टा पुरे. जावईबापू, सोपं म्हणजे सोपं असं काही आहे का नाही?"

जावयाने नाइलाजाने चौथे उघडले. स्वच्छ पडदा, खाली तीनच बटणे, आणि पहिल्याच बटणावर कात्रीचे चित्र! मास्तरांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, जणू हरवलेला भाऊ जत्रेत सापडला.

"हेच!"

"बाबा, आधी नीट समजून तरी घ्या."

"समजायचं काय त्यात? चाळीस वर्षं माझा संसार कात्रीवर चाललाय."

"माझ्यावर नाही वाटतं?" बायकोने विचारले.

तेवढ्यात कचेरीतून फोन आला. जावई एका पायात बूट चढवत म्हणाला, "फिल्म चालवायची, भाग निवडायचा, तो पिवळा होतो. मग कात्री दाबायची. सगळं झालं की 'जोडा' दाबायचं. एवढंच!" दुसरा बूट त्याने जिन्यात घातला.

त्या दिवसापासून दुकानाची मशीन थंड पडली. मास्तर गळ्यात टेप अडकवून संगणकापुढे बसले. एकेक तुकडा पाहायचा. सगळे नीट ओळीने उभे, नजर कॅमेऱ्याकडे, चेहऱ्यावर हसू, असा भाग किंवा भाऊजींच्या त्या तीन जागांपैकी एखादा भाग आला की तो पिवळा करायचा, आणि कचकन् कात्री. पिवळा भाग पडद्यावरून नाहीसा झाला की मास्तर समाधानाने मान हलवायचे. टेबलावर कापड बेतले की खडूच्या रेघेच्या आतला तुकडा उचलून गठ्ठ्यात जातो आणि टेबलावर उरते ती कातरण. तिच्याकडे कोण बघतो? चांगले तेवढे गठ्ठ्यात गेले, असे म्हणत मास्तर पुढचा तुकडा घ्यायचे.

"अहो, त्या पोस्टमनच्या पँटला तुम्ही एकच पाय लावून ठेवलाय," बायको दारातून म्हणाली.

"शनिवारपर्यंत उभा राहील तो एका पायावर."

शनिवारी सकाळी एक्केचाळिसावा तुकडा बेतून झाला. मास्तरांनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले आणि 'जोडा' दाबले.

"एकदा चालवून तरी बघा," बायको म्हणाली.

"शिवून झालेला कोट गिऱ्हाइकाच्या आधी शिंप्याने अंगात घालायचा नसतो. माझ्या गुरूंची शिकवण आहे."

गुरूंची शिकवण तिथवरच थांबती तर बरे होते. पण यशाच्या भरात मास्तरांनी जिन्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांना बोलावणे धाडले. चार वाजता बैठकीची खोली गच्च भरली. पँट न्यायला आलेला पोस्टमनही, पँट तयार नाही असे कळल्यावर, फिल्म बघायला बसला. ताईला मधली खुर्ची दिली. जावयाने वायर जोडली, पडदे ओढले.

टीव्हीवर फरशी दिसली. फरशीवर चपलांचे नऊ जोड. बराच वेळ चपलाच. मग कोणाचा तरी अंगठा आला आणि सगळे काळोखात गेले.

"नमन जरा लांबलंय," पोस्टमन हळूच म्हणाला.

पुढे छताचा पंखा आला. मग केस विंचरणारी तरुण ताई, तोंडात आकडा धरून हाताने 'थांबा थांबा' करणारी. ती केस बांधून वळली, हसायला तोंड उघडले, आणि चित्र तुटले. पुढच्या तुकड्यात सगळे ओळीत उभे राहायला निघाले, आणि ओळ झाली रे झाली की तुटले!

मास्तरांना दरदरून घाम फुटला. "अरे देवा! ही तर कातरण!"

"बाबा," जावई कानाशी लागला, "तुम्ही पिवळं काय केलंत? चांगलं का वाईट?"

"चांगलं! वाईट कोण बेततो?"

"अहो, पिवळं ते उडतं! उरतं ते जोडलं जातं!"

"हे कुठल्या शिंप्याने बनवलंय?" मास्तर तळमळून म्हणाले, आणि रिमोटकडे झेपावले. शेजारणी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. बायकोने कपाळाला हात लावला होता. पण मास्तरांचा हात रिमोटपर्यंत पोचण्याआधीच त्याच्यावर एक सणसणीत चापट बसली. ताईची.

"खाली बस. ऐक."

सगळे ऐकू लागले. पडद्यावर नुसते आभाळ होते आणि आवाज येत होता, दोन वर्षे ह्या घरात न ऐकलेला.

"अगं, काही नाही, काही नाही. सगळे मावावेत म्हणून जरा मागे सरकलो. खड्डा होता."

"लागलं का हो?" हा ताईचा.

"छे! मुद्दामच पडलोय. आभाळ घेतोय."

खोलीत हशा उसळला, आणि सगळ्यांत मोठ्याने ताई हसली. मग एकामागून एक भाऊजी येत राहिले. "लाल दिवा लागलाय का गं?" "मास्तर, पोट आत घ्या, कॅमेऱ्यात मावत नाही." "तुझे केस होईस्तोवर माझी बॅटरी म्हातारी होईल." एकदा ते कॅमेरा बंद करायला विसरले आणि तो गळ्यात लोंबकळत ठेवून बाजारभर हिंडले, आठ मिनिटे नुसते त्यांचे बूट, डाव्या बुटाची नाडी सुटलेली, आणि बेसूर गुणगुण. शेवटी एका दुकानाच्या काचेत ते अख्खे उभे राहिले. इकडेतिकडे पाहून हळूच केसांवरून हात फिरवला, स्वतःलाच एक ऐटबाज हसू दिले, आणि मग कॅमेरा चालू असल्याचे ध्यानात येऊन जीभ चावली.

पडदा काळा झाला. ताईने डोळे पुसले, पण ओठ हसतच होते.

"ताई, चुकलो गं," मास्तर म्हणाले.

"घाबरू नका," जावई म्हणाला, "मूळ तुकडे आहेत तसे शाबूत आहेत. दोन तासांत मी नीट करून देतो. सगळे छान ओळीत उभे."

"ती ओळ तुम्ही ठेवा," ताई म्हणाली. "मी तीस वर्षं त्या ओळीत उभी होते, मला पाठ आहे. ह्याला कोणी बोट लावलंत तर बघा." आणि भावाकडे वळून म्हणाली, "अरे वेड्या, तीन ठिकाणी होते म्हणालास ना? पुन्हा मोज."

रविवारी सकाळी ती फिल्म ताईच्या हातातल्या पिशवीत बसून विमानाने गेली. बाकीचे सामान मागाहून आले तरी चालेल, असे तिने निरोप द्यायला आलेल्यांना बजावले होते.

आता उठा, पण एक मागणे पदरात घेऊन उठा. आज घरी जाल तेव्हा जुन्या फोटोंवरून एकदा नजर फिरवा. हसणारे सगळे तुमच्या ओळखीचे निघतील. ते ज्याच्याकडे बघून हसत आहेत, तो त्यांत कुठेच दिसणार नाही. देवापुढे हात जोडाल तेव्हा तेवढी त्याची आठवण काढा.