शेवडेसाहेब परीक्षेला बसतात

शेवडेसाहेब कुठल्याही खुर्चीवर सरळ बसत नसत. आधी ती दोन्ही तळव्यांनी दाबायची, वाकून पायांचे जोड बघायचे, आणि "वजन नीट खाली जातंय" असं स्वतःशी पुटपुटून मग टेकायचं. सौदीत दम्मामला आमच्या कंपनीच्या कॅम्पच्या मेसमध्ये त्यांच्यामागे ताट घेऊन उभं राहिलं की भात गार व्हायचा.

त्यांची हयात पाण्यात गेलेली. आधी नाशिककडे कालवे, मग इथं पाइपलाइन. निवृत्ती तोंडावर आली आणि या गृहस्थांनी अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनीअरच्या लायसन्सचा अभ्यास काढला. त्यातही नेमके स्ट्रक्चर्सचे प्रश्न.

"पाणी उताराकडे जातं हो," ते म्हणायचे. "बीमचं तसं नाही. वाकतो, आणि का वाकला ते सांगत नाही."

मी शेजारच्या खोलीत राहायचो आणि इमारतींची डिझाइनं करायचो, त्यामुळे आयता मास्तर सापडलो. दाढी करताना दार वाजायचं.

"जोशी, मधोमध वजन ठेवलं तर टेकूंवर किती?"

"निम्मं निम्मं."

"आणि एक टेकू काढला तर?"

"साहेब, साबण सुकतोय."

"सुकू दे. इथं बीम पडतोय."

मग कुवेतवरून आखातात लढाई सुरू झाली. आमची बायकामुलं आधीच देशी गेली होती. साहेबांना पाठवायला कुणी नव्हतंच. वहिनी वारून वर्ष झालं होतं. विषारी वायूच्या भीतीनं मेसच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप लागली. सायरन झाला की गॅसचे मास्क चढवून सगळे तिथं.

साहेबांच्या मास्कमध्ये चष्मा मावेना. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी मास्कमधून प्रश्न वाचायचा, त्यांनी मास्कमधून उत्तर ओरडायचं. आमचा मल्याळी कुक कुंजू समोर हात जोडून बसला होता. धोका टळल्यावर मास्क काढून म्हणाला, "साब, ये कौनसा मंत्र है? डर थोडा कम हुआ."

"बेंडिंग मोमेंट," साहेब गंभीरपणे म्हणाले.

न राहवून मी विचारलं, "साहेब, तुमची परीक्षा आहे तरी कधी?"

"माझी कुठली? नंदूची आहे."

नंदू म्हणजे त्यांची मुलगी, अमेरिकेत. स्ट्रक्चर्समध्ये दोनदा अडकली आणि सोडून देते म्हणाली. तेव्हा यांनी ठोकून दिलं की मीही इथून बसतोय, बघू आधी कोण पास होतं. दर शुक्रवारी तिचा फोन ऑफिसात यायचा आणि बापलेक उत्तरं ताडून बघायचे. तिनं लढाईचं काढलं की साहेब म्हणायचे, "इथं सगळं शांत आहे. तू फ्रेमचा प्रश्न सोडवलास का?"

लढाई संपली, टेप निघाली. उन्हाळ्यात नंदूचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. ती पास झाली होती. साहेब बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. मग तिनं त्यांचा निकाल विचारला असावा.

"माझा राहिला गं. थोडक्यात हुकलं. आता तू शिकव मला."

त्यांनी फोन ठेवला. मी म्हणालो, "साहेब, नापास कशाला झालात? पास म्हणायचं, सुटला असता."

ते चष्मा पुसत राहिले.

"तिची आई होती तेव्हा तीच बोलायची, जोशी. मी शेवटी नुसतं 'बरी आहेस ना' विचारून फोन ठेवायचो. आता कुठं आम्हा दोघांना बोलायला काहीतरी सापडलंय."