नकाशा मात्र शाबूत

"पण मॅडम, माझा पुलाचा नकाशा नक्की कुठल्या डब्यात आहे?" यंत्रणा बसवायला आलेल्या इंजिनीअरबाईंना नानांनी तिसऱ्यांदा विचारलं. नाना त्या आराखड्यांच्या कार्यालयातले हेडड्राफ्ट्समन. पस्तीस वर्षांचे नकाशे त्यांच्या जिवावर.

"डब्यात नाही, नाना. नकाशा या मधल्या डिस्कवर. हे दोन सर्व्हर म्हणजे एका घरातल्या दोन जावा. दारावर पाटी एकच. तुम्ही हाक मारलीत की जी उभी असेल ती फाइल आणून देते. एक पडली तर दुसरी उठते."

"असं होय!" नानांनी मान हलवली. पटलं काडीचंही नव्हतं.

बाईंनी सरळ पहिल्या सर्व्हरचा प्लग उपटला. पडद्यावरचा पूल गोठला आणि वीसेक सेकंदांत पुन्हा हलायला लागला! नानांनी एक खांब सरकवला, सेव्ह केला. झाला! नाना आ वासून बघत राहिले.

पहिला सर्व्हर पुन्हा सुरू करून बाई जेवायला निघाल्या. "त्याला उठायला दहा मिनिटं लागतात. आता कुणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं.

अर्ध्या तासाने नाना साहेबांना हाताला धरून घेऊन आले. "बघा हं," म्हणत त्यांनी दुसऱ्याचा प्लग काढला. पूल गोठला, हलला. साहेबांच्या अंगावर काटा आला. नानांनी प्लग परत लावेपर्यंत साहेब धावत जाऊन पुलाच्या कंत्राटदारालाच घेऊन आले. नकाशा न्यायला आलेला माणूस तो.

"मी काढू?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पहिल्याचा प्लग ओढला.

दुसरा अजून उठतच होता.

बाहेरच्या हॉलमधून नकाशे काढणाऱ्या बारा जणांचा एकच गलका झाला, "फाइल गेली!" नानांनी बाईंना फोन लावला.

"कुठला काढलात?"

"दोन्ही."

पलीकडून ताट बाजूला सारल्याचा आवाज आला. मग, "दोन्ही लावा. आणि लांब उभे राहा."

ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहावं तसे तिघं उभे राहिले. एक हिरवा दिवा लागला, मग दुसरा. नानांनी फाइल उघडली. पूल जसाच्या तसा! सरकवलेला खांबसुद्धा जागच्या जागी. नानांचे हात आपोआप जोडले गेले. कंत्राटदाराने डोक्यावरची टोपीच काढली.

बाई आल्या त्या तणतणतच. "या खोलीला आजच्या आज कुलूप! किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे."

"अगदी बरोबर," साहेब गंभीरपणे म्हणाले. "नाना, धरा."

साहेब गेल्यावर बाईंनी हात पुढे केला. "नाना, किल्ली इकडे द्या."

"राहू दे माझ्याकडेच," नाना आवाज खाली आणत म्हणाले. "उद्या साहेबांनी सासऱ्यांना बोलावलंय. प्लग काढून बघायला."