डोंबिवलीच्या पुढं, कल्याणच्या अलीकडं

आमच्या शेजारच्या भाईला ‘कुठं राहता?’ असं विचारलं, की तो काळ्या गॉगलमधून लांब कुठंतरी बघत म्हणतो, ‘डोंबिवलीच्या पुढं, कल्याणच्या अलीकडं.’ ऐकणाऱ्याला वाटतं, मधला सगळा मुलूख याचाच! मध्ये फक्त ठाकुर्ली आहे, आणि ठाकुर्लीत आमची तीन मजली बिल्डिंग.

प्रोफाइलवर तो नुसता ‘भाई’. मामाची फटफटी, कपाळाला आठ्या, खाली मजकूर: ‘नाद नाही.’ तो फोटो दाखवला तर आमच्या गल्लीतली कुत्री विठ्ठलवाडीपर्यंत पळतात. दमून परत येताना मी स्वतः पाहिलीत. कुणी नाव विचारलं तर ‘माहीत असेल.’ रिक्षावाल्याला नुसतं ‘चल.’ तो बिचारा मीटर टाकायचं विसरतो.

मीही टरकून असायचो. मग एकदा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेलो, तर टाकीमागून आवाज: ‘लामाने लविवाली लताळी खाल्ली.’

भाई! मला बघून कानापर्यंत लाल झाला.

आईबापांनी नाव ठेवलेलं रवींद्र, राहायला ठाकुर्ली, आणि पठ्ठ्याला ‘र’च येत नाही! शाळेत पोरं इतकी हसलेली, की तेव्हापासून हा ‘र’ नसलेलंच बोलतो. ‘फोटोला बोलावं लागत नाही, काका,’ तो म्हणाला.

‘मग आता ही रताळी कशाला?’

‘आंबिवलीची एक हळदीत भेटली. ती बोलते, मी ऐकतो. जमेल.’

‘नाव काय तिचं?’

त्याने मोबाईल पुढं केला. शर्वरी. एका नावात दोन-दोन ‘र’!

त्यात तिच्या वडिलांनी प्रोफाइल बघून निरोप धाडलेला: ‘आम्हाला जावई हवाय, खंडणीवाला नकोय.’

‘अरे, फोटो काढून टाक तो,’ मी म्हटलं.

‘नको. तिथंच जातो. बोलतो.’

सोबत म्हणून मीही गेलो. चहाला हात न लावता वडिलांनी विचारलं, ‘नाव काय तुमचं?’ मी घाईने तोंड उघडलं. भाईने माझा गुडघा दाबला. गॉगल काढला. इतक्या वर्षांत त्याचे डोळे मी पहिल्यांदाच बघत होतो, वासरासारखे मऊ.

‘लवींद्ल.’

आतल्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

त्याने घाम पुसला आणि आवाज आणखी चढवला. ‘लवींद्ल. ठाकुल्लीचा. शल्वलीसाठी आलोय.’

आतलं हसणं थांबलं.