नानाच्या इंजिनाची ठकठक

झिपरूनाना इंजिन दुरुस्तीला आणायचा, पण पुरतं बरं होऊ द्यायचा नाही.

पासष्ट-सत्तर सालची गोष्ट. धुळ्याला माझं गॅरेज होतं. शाळा मी चौथीत सोडली, पण इंजिनाच्या पोटात कुठं दुखतं ते ऐकून सांगायचो. अजून सांगतो. नानाकडे लष्कराच्या लिलावातली जुनी मोटरसायकल. तिला कार्बोरेटर नवा, चेन नवी, क्लचप्लेटा नव्या. सिलिंडरच्या पात्यांत बसलेली घाण तो निंबाच्या काडीनं कोरून काढायचा, दात कोरावे तशी. फक्त पिस्टनच्या पिनेचा बुश झिजलेला. त्याची ठकठक अर्ध्या कोसावर जायची, पण त्याला हात लावू देईना.

"बठ्ठं बदल आबा, तेवढं ठोकू दे. ठोकस म्हनीसन जित्ती शे."

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. ही गाडी घ्यायला नानानं बायकोची माहेरची म्हैस विकली, तीही न विचारता. त्या दिवसापासून सखूवहिनीनं बोलणं सोडलं. सात वर्षं. नाल्यावर ठकठक आली की ती तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर टाकायची, ताट वाढायची, अन् नाना दारात यायच्या आत परसात निघून जायची. ठकठक गेली तर गरम भाकरही जाईल, हा नानाला धाक.

मला त्याच्या भाकरीचं काही नव्हतं, माझ्या नावाचं होतं. लोक म्हणायचे, आबाच्या हातची गाडी अन् अशी ठोकते?

एकदा नाना चार दिवस जामनेरला पाहुण्यांकडे गेला. गाडी माझ्याकडे, तेल गळतं तेवढं बघायला. मी इंजिनच उघडलं. पिन नवी, बुश नवा, सिलिंडर बोअर करून पिस्टन एक नंबर मोठा. चालू केलं तर भरल्या जात्यासारखं घुमलं.

नानानं येऊन किक मारली, ऐकलं.

"आबा, तू मनं घर बुडाडं."

अन् चहा न घेता गेला. पण चुकलो असं मी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

आठ दिवसांनी आला.

"मी दारमा गऊ तं ती चुल्हापान. पीठना हात. तिले पळाले टाइमच नही भेटना."

"मग?"

"मनाकडे देखं. म्हने, 'कव्हय उनात?'"

"कधी आलात, असं? मग तू काय बोलला?"

नाना टाकीवरून हात फिरवत राहिला. "सात वरीसमा जीभले सवय ऱ्हायनी नही. मी म्हनं, 'आत्तेच.' तं म्हने, 'बसा, भाकर टाकस.'"

"जुना बुश ठेवलाय," मी म्हटलं. "बसवू परत?"

त्यानं तो माझ्याकडून मागून घेतला अन् समोरच्या गटारीत टाकला.

पुढं दर बाजाराला नाना यायचा. गाडीत बिघाड काही नसायचा. इंजिन चालू करून म्हणायचा, "कान लावीसन आयक आबा. ठोकस का?"

मी सिलिंडरला पेचकस टेकवून त्याच्या मुठीला कान लावायचो. "नाही ठोकत."

"आखो एक डाव आयक," नाना म्हणायचा.

मी पुन्हा कान लावायचो.