खुर्च्यांच्या धार्मिक भावना

प्रत्येक मनुष्यास आपल्या धर्माप्रमाणे वागण्याचा अधिकार आहे. त्याचप्रमाणे घरी लग्न निघाले असता योग्य भाडे देऊन खुर्च्या मिळवण्याचाही प्रत्येकास अधिकार आहे. हे दोन्ही अधिकार एकाच शहरात परस्परांस नमस्कार करीत वर्षानुवर्षे सुखाने नांदू शकतात. अडचण उत्पन्न होते ती ते दोघे एकाच दुकानात, एकाच मुहूर्तावर शिरले म्हणजे. अशा प्रसंगी कोणी कोणास वाट द्यावी, याविषयी शास्त्रे गंभीर आहेत, संविधान स्पष्ट आहे आणि दुकानदार मात्र संभ्रमात आहे.

नागपुरात सक्करदऱ्याला मनोहररावांचे ‘शुभमंगल बिछायत केंद्र’ होते. मंडप, खुर्च्या, पंखे, गंज, पराती आणि नवरानवरीसाठी सिंहाच्या तोंडाचे दोन लाल मखमली कोच, असा त्यांचा विस्तार. परिसरातील निम्म्याहून अधिक संसारांचा पहिला फोटो त्या कोचांवर निघालेला होता. मनोहररावांची आता एकच इच्छा उरली होती. आपली एकुलती लेक गार्गी हिचे लग्न आपल्याच मंडपात, आपल्याच खुर्च्यांवर अवघे नागपूर बसवून करावे. वर ठरला होता, मुहूर्त निघाला होता, आणि मनोहरराव रोज एकदा गोदामात जाऊन खुर्च्यांकडे वधूपित्याच्या नजरेने पाहून येत असत.

अशा मंगल काळात दोन गल्ल्या पलीकडचे नत्थूभाऊ दुकानात आले. उभा जन्म एसटी चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

“मनोहरभाऊ, आपल्या रोशनीचा मंगल परिणय आहे गा. मंडप पाहिजे, खुर्च्या पाहिजे, आन ते सिंहवाले कोच बी पाहिजे.”

“वा, वा! आनंद झाला. गुरुजी कोण येऊन राहिले?”

“गुरुजी नाही. भंतेजी येतील. त्रिशरण, पंचशील, झालं.”

मनोहररावांनी उचललेला पेन अलगद खाली ठेवला.

“मग नाही जमणार, नत्थूभाऊ.”

“काहून? तारीख भरली काय?”

“तारीख मोकळी आहे. पण मंगलाष्टक नाही, होम नाही. माझ्या मंडपाले अग्नीची सवय आहे.”

“मंडपाले आगीची सवय?” नत्थूभाऊ चकित झाले. “मग तुमचा विमा कोणत्या कंपनीनं काढला गा?”

“मस्करी नका करू. मी जातपात मानतच नाही, हे तुम्हाले ठाऊक आहे. हा निव्वळ धर्माचा प्रश्न आहे. माझ्या भावना दुखावतात.”

“बसणार आम्ही, आन दुखणार तुमचं?” असे म्हणून नत्थूभाऊ उठले.

मनोहरराव खोटे बोलत नव्हते. ते खरोखरच जात मानीत नसत. ते कोणाला जात विचारीतही नसत. फक्त आडनाव विचारीत.

रोशनी बँकेत नोकरीला होती आणि वाद घालण्यापेक्षा अर्ज करावा, या मताची होती. तिने ‘समान वागणूक कक्ष’ नामक कार्यालयात तक्रार केली. सर्वांसाठी उघडलेले दुकान अमुक एका धर्माच्या नागरिकांसाठी बंद कसे झाले, याचा खुलासा करण्याविषयी मनोहररावांना नोटीस आली. तेव्हा ते ॲडव्होकेट भैय्याजींकडे गेले.

“तुमच्या भावना तिथं टिकणार नाही,” भैय्याजी म्हणाले. “दुकानदाराले भावना नसते, गुमास्ता लायसन असते. दुसऱ्या कोणाच्या भावना आहेत काय दुकानात?”

“दुकानात मी आन खुर्च्या. तिसरं कोणी नाही.”

भैय्याजींनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. “दसऱ्याले मालाची पूजा करता का नाही?”

“हाव. दरवर्षी.”

ही गोष्ट खरी होती. ज्या दिवशी नत्थूभाऊंचे घर शुभ्र वस्त्रे परिधान करून दीक्षाभूमीकडे निघे, त्याच दिवशी मनोहरराव प्रत्येक खुर्चीस हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहत. गुरुजींना बोलावणे गेले. साधी पूजा सांगता की काही विशेष, असे भैय्याजींनी विचारताच गुरुजींना अपमान वाटला.

“अवजारांच्या पूजेचे मंत्र फार लहान आहेत,” ते म्हणाले. “मग दक्षिणाही लहान पडते. म्हणून मी पहिल्यापासून प्राणप्रतिष्ठाच करतो.”

“गुरुजी,” भैय्याजी सद्गदित होऊन म्हणाले, “तुमचे पाय कुठं आहेत?”

प्राणप्रतिष्ठा हा शब्द लहान नव्हे. जडाच्या ठायी चैतन्याचे आवाहन करणे, हे आपल्या पूर्वजांचे मोठेच धाडस होते. मात्र प्लास्टिकच्या बाबतीत ते धाडस आजवर कोणी केले नव्हते.

सुनावणीच्या दिवशी कक्षाच्या अधिकारी अपेक्षा मॅडम यांच्यासमोर भैय्याजींनी निवेदन केले की, प्रस्तुत आक्षेप त्यांच्या अशिलाचा नसून खुर्च्यांचा आहे. प्रतिष्ठित देवमूर्ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असते. सबब प्रतिष्ठित खुर्चीही व्यक्तीच होय, आणि व्यक्ती म्हटली की भावना आल्या.

“सगळ्याच खुर्च्यांचा आक्षेप आहे?” अपेक्षा मॅडमनी विचारले.

“एकमताने, मॅडम.”

“कोचांचा?”

“त्यांचा तर जास्त. ते सिंह आहेत.”

मॅडमनी रोशनीकडे पाहिले. रोशनी शांतपणे उभी राहिली. “माझी हरकत नाही, मॅडम. खुर्च्यांना भावना असतील, तर कायद्यानं त्यांना पूर्ण संरक्षण द्यावं. अर्धवट देऊ नये, एवढीच विनंती आहे.”

ही विनंती इतकी वाजवी होती की ती तत्काळ मान्य झाली. खुर्च्या या विधिक व्यक्ती आहेत, असे तूर्त गृहीत धरून त्यांच्या धार्मिक भावनांचे सर्वतोपरी जतन करावे, असा आदेश निघाला. मनोहररावांनी गल्लीत पेढे वाटले. नत्थूभाऊंकडेही पेढे पाठवले, कारण ते जात मानीत नसत.

पेढे संपण्यापूर्वीच कक्षाचे निरीक्षक गोदाम पाहण्यास आले. खुर्च्या एकीवर एक रचून ठेवलेल्या होत्या. निरीक्षकांनी कपाळाला हात लावला.

“हे काय? एका व्यक्तीनं दुसरीच्या डोक्यावर पाय ठेवायचा, दुसरीनं तिसरीच्या? आणि सर्वांत खालच्या खुर्चीनं काय जन्मभर असंच राहायचं?”

“साहेब, जागा वाचते,” मनोहरराव म्हणाले.

“ही उतरंड जागा वाचवण्यासाठीच असते, हे आम्हाला ठाऊक आहे. कायद्यानं बंद आहे ती. खाली उतरवा.”

सर्व खुर्च्या जमिनीवर समान पातळीवर आल्या, तेव्हा त्या गोदामात मावेनात. त्या अंगणात आल्या, ओसरीवर आल्या, माजघरात आल्या. मनोहररावांच्या पत्नी जिजाबाई चुलीपर्यंत आडव्या चालत जाऊ लागल्या. खुर्ची हटवावी तर व्यक्तीला धक्का मारल्याचे पाप, आणि बसावे तर त्याहून मोठे.

कारण दुसरा मुद्दा निरीक्षकांनी जाताना सांगितला होता. पूज्य व्यक्तीवर बूड टेकवणे, ही भावना दुखावण्याची परमावधी होय. सबब इतःपर त्या खुर्च्यांवर कोणीही बसू नये. त्यांना भाड्यानेही देऊ नये, कारण देव भाड्याने देण्याची वहिवाट नाही. मनोहरराव हे यापुढे मालक नसून सेवेकरी आहेत. त्यांनी रोज सकाळी खुर्च्या पुसून नैवेद्य दाखवावा.

“आता मी कुठं बसू?” जिजाबाईंनी विचारले. “देवाच्या मांडीवर?”

“थोडे दिवस जमिनीवर बस वं.”

“जमीन कुठं दिसून राहिली तुम्हाले? आन पोरीच्या लग्नात वऱ्हाड काय झाडावर बसवता?”

हा प्रश्न मनोहररावांच्या काळजात घुसला. त्यांनी गुरुजींना गाठले. गुरुजी म्हणाले, सोपे आहे. प्रतिष्ठा केली तसे विसर्जन करू. वाजतगाजत एक खुर्ची सक्करदरा तलावावर नेण्यात आली. तेथे पालिकेच्या माणसाने हात आडवा केला. तलावात प्लास्टिक सोडण्यास मनाई होती. शेजारच्या कृत्रिम हौदात खुर्ची घालून पाहिली, तर ती बुडेना. चारही पाय वर करून ती तरंगत राहिली आणि जमलेल्या लोकांनी भक्तिभावाने हात जोडले. अखेर तिला पुन्हा वाजतगाजत घरी आणावे लागले. आता तर ती जागृत आहे, असा बोभाटाच झाला.

तेव्हा आपल्याच धंद्यातील बांधवांकडून खुर्च्या मागाव्यात, असे मनोहररावांनी ठरवले. परंतु त्यांच्या विजयाची वार्ता सर्वत्र पोहोचलेली होती आणि प्रत्येक बिछायत केंद्राने आपापल्या मालाची प्राणप्रतिष्ठा उरकून घेतली होती. कक्षाचे निरीक्षक अद्याप त्यांच्याकडे पोहोचायचे होते. भावना मात्र पोहोचल्या होत्या. कन्हानच्या बिछायतवाल्याने वराची पोटजात विचारली आणि उत्तर ऐकून जीभ चावली.

“आमच्या खुर्च्यांले नाही चालत, मनोहरराव. मी स्वतः काहीच मानत नाही, बरं काय.”

रामटेकचा मनुष्य अधिक प्रेमळ होता. त्याने आधी चहा पाजला. मग म्हणाला, “तुम्ही गणपतीवाले. आमच्या खुर्च्या रामाच्या. त्यांच्यात भांडण नाही, पण एका मंडपात नको. तुमचा अपमान नाही करून राहिलो. हा निव्वळ धर्माचा प्रश्न आहे.”

मनोहरराव परत निघाले. हे वाक्य आपण पूर्वी कोठे ऐकले, हे त्यांना वाटेत आठवेना. वाक्य स्वतः बोलताना फार सज्जन वाटते. समोरून आले की ओळखू येत नाही.

इकडे रोशनीचा मंगल परिणय केव्हाच पार पडला होता. विहाराच्या सभागृहात शुभ्र चादरी घातलेल्या सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि पाहुणे त्यांवर मांडीला मांडी लावून बसले होते. बिछायत या शब्दाचा अर्थ तरी काय? जे पसरावे, अंथरावे, ते. खुर्ची ही त्यात मागाहून शिरली.

मुहूर्त दाराशी आला, तेव्हा मनोहरराव विहाराच्या सतरंज्या सांभाळणाऱ्या नत्थूभाऊंच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. रोशनी माहेरी आलेली होती. मनोहररावांनी बराच वेळ उन्हाविषयी बोलून घेतले.

“सतरंज्या पाहिजे का, काका?” रोशनीने विचारले.

“गार्गीच्या लग्नापुरत्या. म्हणजे, तुमची काही हरकत नसली तर.”

नत्थूभाऊ उठले. “थांबा. सतरंजीले विचारून येतो.” ते आत गेले आणि गंभीर मुद्रेने बाहेर आले. “विचारलं गा. ती म्हणते, बसणाऱ्याची जात कोणतीबी चालते, पण गुडघे चांगले पाहिजे.”

मनोहररावांचे डोळे भरून आले. “नत्थूभाऊ, तुमचे उपकार मी जन्मभर—”

“उपकार नाहीत, काका,” रोशनी म्हणाली. “विहाराच्या सतरंज्यांचं जे भाडं सगळ्यांना, तेच तुम्हाला. पावती मिळेल. फुकट दिल्या तर ती मेहरबानी होते. मला मेहरबानी नको होती आणि तुम्हालाही नको. आणि एक सांगून ठेवते. माझी तक्रार मी मागे घेणार नाही.”

“म्हणजे, आतासुद्धा?”

“आता तर नाहीच.”

मनोहररावांनी मान डोलावली. आयुष्यात प्रथमच ते गिऱ्हाईक झाले होते, आणि कोणी त्यांचे आडनाव न विचारता माल दिला होता.

गार्गीचे लग्न झाले. मंगलाष्टके झाली, होम झाला, आणि अवघे वऱ्हाड सतरंज्यांवर बसले. सभोवार, आदेशाप्रमाणे, हार घातलेल्या रिकाम्या खुर्च्या उभ्या होत्या. मंडपात कलेक्टर ऑफिसातले बडे साहेब आणि त्यांचा ड्रायव्हर यांचे गुडघे एकाच उंचीवर आलेले पाहून काही ज्येष्ठांना अस्वस्थ वाटले. पण उठता येत नसल्यामुळे कोणी निषेध करून निघून जाऊ शकले नाही. लोकांनी कारण विचारले, तेव्हा मनोहरराव म्हणाले, “ही आपली प्राचीन भारतीय बैठक. पचनाले चांगली असते.” पुढल्या हंगामात धंतोलीच्या श्रीमंत लग्नांतही ‘प्राचीन भारतीय बैठक’ मागण्यात आली आणि तिचे भाडे खुर्च्यांहून अधिक ठरले.

पंगतीत वराचे काका नत्थूभाऊंच्या शेजारी आले होते. वांग्याच्या भाजीचे दोन घास झाल्यावर त्यांनी आपुलकीने विचारले, “आपलं आडनाव काय म्हणालात?”

वाढत असलेल्या मनोहररावांचा हात थांबला. सारे लग्न त्या एका शब्दापाशी येऊन अडले, असे त्यांना वाटले.

“आज बिछायतवाले,” नत्थूभाऊ म्हणाले. “तुम्ही माझ्या सतरंजीवर बसून राहिले. सरका थोडं, पाण्याचा गिलास ठेवू द्या.”

काका सरकले. मनोहररावांनी नत्थूभाऊंच्या पानात आधी भाजी वाढली, मग काकांच्या.

तक्रारीचे कामकाज अद्याप चालू आहे. खुर्च्या पक्षकार असल्याने त्यांना कक्षात हजर राहावे लागते, आणि एवढे देव समोर हजर असल्याने अपेक्षा मॅडमसकट सर्वांना उभे राहावे लागते. निर्णय लवकर लागेल, अशी सर्वांचे पाय दुखत असल्यामुळे आशा आहे.

तोवर गार्गी आणि तिच्या पतीचे कल्याण असो. रोशनी आणि तिच्या पतीचे मंगल होवो. नत्थूभाऊंना दीर्घायुष्य लाभो, जिजाबाईंना बसण्यापुरती जमीन मिळो, आणि मनोहररावांच्या भावना हळूहळू बऱ्या होवोत. ज्यांनी ही कथा हसत हसत येथवर वाचली, त्या सुज्ञ वाचकांच्या घरीही सुख नांदो; आणि त्यांच्या स्वयंपाकघरात, धुणीभांडी करणाऱ्या बाईंसाठी म्हणून खिडकीत वेगळा ठेवलेला जो एक कप आहे, त्याच्याही धार्मिक भावना सुखरूप राहोत.