अंजनाबाईंचं ‘आपण’

"माय, आज तरी नळावर बोलतं तसं नको बोलू वं," नीलानं हात जोडले. "हळू बोल. ‘आपण’ म्हण, ‘बसावं’ म्हण."

नीलाचं उमरेडचं स्थळ अंजनाबाईंच्या आवाजानं मोडलं होतं, काटोलचं त्यांच्या जिभेनं. तिसरं आज चार वाजता येणार होतं. मुलगा कचेरीत कायम झालेला. हेही गेलं तर नीला रडत बसणार होती. आणि ते बघणं अंजनाबाईंना सोसणारं नव्हतं. म्हणून सकाळपासूनच त्यांनी जिभेला वळण लावायला घेतलं.

पहिला सापडला नवरा. एरवी त्या म्हणायच्या, "काहो, कुठं उलथले होते? गिळा लवकर." आज मऊ आवाजात म्हणाल्या, "आपण जेवून घ्यावं."

नत्थूच्या हातातला तांब्या पडला. बावीस वर्षांच्या संसारात बायको अशी गोड एकदाच बोलली होती, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या भावाला बिऱ्हाड वेगळं करावं लागलं होतं.

"माह्याकडून काही चुकलं काय?"

"छे! आपलं कसं चुकेल?"

नत्थूनं चपला घातल्या आणि उपाशीच बाहेर पडला.

मग खुर्च्या. गल्लीत त्या शेजारच्या सिंधूताईकडेच होत्या.

"सिंधूताई, कृपा करून चार खुर्च्या द्याल का?"

सिंधूताईनं कमरेवर हात ठेवले. "कृपा? पंधरा वर्सं न इचारता उचलून नेल्या, अन् आज कृपा? काल नळावर माही बादली आधी लागली, त्याचा राग काढून राहिली काय वं? नाही देत, जाय!"

सणसणीत उत्तर ओठांवर आलं होतं. अंजनाबाईंनी ते गिळलं. कारल्यासारखं कडू लागलं. "बरं, येते मी," त्या म्हणाल्या. सिंधूताईनं घाबरून आतून कडीच लावली.

चार वाजता मुलाची आई शोभाताई मुलाला घेऊन आल्या आणि कपड्यांच्या पेटीवर टेकल्या.

"मुलीचे वडील दिसत नाहीत?"

"बाहेर आहेत," अंजनाबाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. खिडकीतून कडुलिंबामागे नत्थूचं धोतर दिसत होतं.

पुढे तासभर शोभाताईच बोलल्या. सुनेनं मोठ्यानं हसू नये. उलट विचारू नये. भाजीत मीठ कमी पडलं तरी सासूच्या हातची म्हणून गोड मानून खावी. अंजनाबाईंकडे प्रत्येकाला तीन-तीन उत्तरं तयार होती. पदराचा पिळा करत त्या म्हणत राहिल्या, "आपण म्हणता ते बरोबर आहे."

शेवटी शोभाताई उठल्या. "मुलगी पसंत आहे. खरं सांगू? मुलीपेक्षा तुम्हीच पसंत पडलात. इतकी शांत विहीण कुठे मिळते? मी आता दर रविवारी येत जाईन. तुमच्याशी बोललं की बरं वाटतं."

दर रविवारी! पाहुणे गेल्यावर अंजनाबाईंनी भिंतीला डोकं टेकवलं.

नीला हुंदके देत होती. "त्या घरात मी कशी निभू वं माय? मले तं बोलल्याबिगर राहवत नाही. तुह्यावरच गेली ना मी!"

तेवढ्यात दारातून नत्थूचं अर्धं तोंड आत आलं. पोटात कावळे ओरडत असावेत. त्याला बघून अंजनाबाईंचा जीव भरून आला. दिवसभर कोंडलेलं सगळं आता याच्यावर रितं करावं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"यावं. आपण बसावं."

स्वतःचाच आवाज ऐकून त्या खाली बसल्या. अंगणात नत्थूच्या चपला लांब-लांब जाताना वाजत होत्या.