भोंगा गप्प झाला

भाजीत मीठ दुप्पट पडलं होतं आणि सुतार मुकाट्याने जेवत होता. बायकोने पहिला घास घेतला आणि तिचा हात ताटातच थांबला. एरवी एवढ्या कारणावरून तो ओरडला की शेजारपाजारचे खिडक्या लावून घेत. गल्ली त्याला ‘भोंगा’ म्हणायची ती उगाच नव्हे.

“अहो, भाजी खारट झालीय,” ती चाचरत म्हणाली.

“असू दे. दमली असशील तू.” आणि तो हसला.

ते हसू पाहून त्याच्या सासूबाईंच्या हातातला पेला निसटला. सासूबाई चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला बरेच दिवस झाले होते.

झालं होतं एवढंच. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी रागावर उपदेश केला. चांगुलपणा आभाळातून पडत नाही, म्हणाले. देव बळ देतो, रंधा आपणच मारायचा असतो. रंधा म्हटल्यावर सुतार सावरून बसला. घरी आला तर आतल्या खोलीत त्याची चिमुरडी बाहुलीवर ओरडत होती. शब्द त्याचे, सूर त्याचा, कपाळावरची आठीसुद्धा त्याचीच. कामाच्या खोलीत जाऊन त्याने प्रार्थना केली आणि ठरवलं, आजपासून हळू बोलायचं, हळू चालायचं, दार आपटायचं नाही. सांगितलं मात्र कोणालाच नाही. चांगल्या कामाची दवंडी पिटू नये, हेही पाळकांनीच सांगितलं होतं.

घोटाळा झाला तो तिथे.

त्याने बिजागऱ्यांना तेल घातलं. दारं बिनआवाजाची उघडू लागली. बायको कपाट आवरत असली की मानेमागून मऊ आवाज यायचा, “मदत करू?” दचकून वळावं तर हा उभा, हसत. अंधाऱ्या बोळात सासूबाई समोर आल्या की भिंतीला पाठ लावून त्यांना वाट द्यायचा. राग आलाच तर डोळे मिटून नुसते ओठ हलवायचा. ती प्रार्थना होती, पण बघणाऱ्याला काय कळणार?

“अंगात काहीतरी शिरलंय,” सासूबाई लेकीच्या कानाशी लागल्या. “काल मला म्हणाले, राहा अजून महिनाभर. शुद्धीवरचा जावई असं बोलतो का?”

लेक पांढरीफटक पडली. तिने पाळकांना बोलावणं धाडलं.

ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. “अहो बाई, हे तर पवित्र आत्म्याचं काम!”

“पवित्र असो नाहीतर कसाही,” सासूबाई म्हणाल्या, “शिरलाय ना? मग काढा!”

तेवढ्यात दिवे गेले. दार वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. पाळकांच्या अगदी कानाशी कोणीतरी हळुवार म्हणालं, “बसा ना, पाळकसाहेब.”

पाळक किंचाळले, मागे उडाले आणि बुटासकट सुताराच्या अनवाणी अंगठ्यावर उतरले.

“मेलो! डोळे फुटले का? माणसाच्या पायावर नाचताय!”

गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. बायकोने अंधारातच त्याचा दंड धरला आणि रडू लागली. “हेच ते! माझेच आहेत!”

दिवे आले तेव्हा सुतार खाली मान घालून बसला होता. “सगळं फुकट गेलं,” तो म्हणाला, आणि मग बाहुलीची गोष्ट सांगितली. बायकोला नवऱ्याच्या नजरेला नजर देववेना. त्याच्या ओरडण्याने ती सुखावली होती, याचीच तिला शरम वाटत होती.

पाळक त्याच्याजवळ बसले. “फळी एकदाच रंधा मारून गुळगुळीत होते का? क्षमा मागायची आणि पुन्हा लागायचं कामाला. मीही मागतो. तुमच्या अंगठ्याचीसुद्धा.”

“तुम्ही हळूच बोला,” बायको डोळे पुसत म्हणाली. “आम्हाला होईल सवय. फक्त येताना जरा खोकत जा.”

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या आणि मान झुकवून मऊ आवाजात म्हणाल्या, “घ्या, जावईबापू. चुकलंच माझं.”

लग्नापासून आजवर हे वाक्य त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. सुताराने कपाला हात लावला नाही. हळूच बायकोकडे सरकून तो पुटपुटला, “या तुझ्या आईच आहेत ना गं?”